मामांची गाडी, भाच्याची गाडी

दोघांकडेही विजेवरची गाडी आहे आणि दोन्ही गाड्यांची बॅटरी साधारण ३० युनिटांची, म्हणजे ३० किलोवॉट-तासांची. साम्य इथेच संपतं. मामांची गाडी वसई पश्चिमेला गिरीजमध्ये, स्वतःच्या वाडीत, पत्र्याच्या शेडखाली उभी असते. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं, म्हणजे घरगुती. ओटीवरच्या सॉकेटमधून ती रात्रभर सावकाश भरते. टेलिफोन एक्सचेंजच्या बॅटरी-रूममध्ये मामांची सगळी नोकरी गेली, त्यामुळे बॅटरीबद्दल आपल्याला कोणी काही शिकवावं हे त्यांना फारसं रुचत नाही.

भाचा विरारच्या ग्लोबल सिटीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. त्याच्या हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं आहेत, म्हणजे टॅक्सी. रोज विमानतळाच्या दोन फेऱ्या, कधी मध्येच सुरतचं भाडं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सॉकेट नाही. गाडी भरते ती बाहेरच्या फास्ट चार्जरवर, रोज, आणि बरेचदा दिवसातून दोनदा.

वाद होणार हे उघड होतं. तो मी लिहून काढला आहे. मध्ये मध्ये नाक खुपसलं आहे, तेवढं चालवून घ्यावं.

मामा : तू त्या बॅटरीचा जीव घेणार आहेस. पन्नास-साठ किलोवॉट रोज आत कोंबायचे म्हणजे खायचं काम आहे का? आमच्याकडे दोन व्होल्टचा एकेक सेल, असे चोवीस मिळून अठ्ठेचाळीस व्होल्ट. घाईघाईने भरायला गेलं की सेल तापायचा, गॅस सुटायचा, प्लेटा वाकायच्या. आम्ही त्या वर्षानुवर्षं चालवल्या, कारण हळू भरल्या आणि कायम भरलेल्या ठेवल्या.

भाचा : हळू भरल्या, हे मान्य. कायम भरलेल्या ठेवल्या, तिथे गडबड आहे. शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, म्हणून ती भरलेलीच बरी. लिथियमचं बरोबर उलटं. ती पूर्ण भरून उकाड्यात उभी ठेवली की काही न करता झिजते. तुमची गाडी सकाळी सहाला शंभर टक्क्यांवर असते आणि दुपारपर्यंत हलत नाही.

मामा : बाजाराला जाते की.

भाचा : चार किलोमीटर.

इथे मामांची बाजू थोडी घ्यायला हवी. वसई-विरारमध्ये बॅटरी म्हणजे काय हे माणसं शिकली ती इन्व्हर्टरवरून. लाइट जायची, अजूनही जाते, आणि घरोघरी कपाटाच्या बाजूला एक जडशीळ बॅटरी बसली. तिच्यात पाणी घालायचं, ती कधी पूर्ण उतरू द्यायची नाही, लाइट आली की लगेच भरायला लावायची. हे सगळे नियम खरे आहेत, फक्त त्या बॅटरीचे आहेत. तेच नियम जसेच्या तसे गाडीला लावणारे मामा एकटे नाहीत.

मामा : बरं, माझी गाडी राहू दे. जोरात भरल्याने लिथियमला काय होतं ते सांग. काहीच होत नाही असं म्हणू नकोस.

भाचा : होतं ना. बॅटरीच्या एका बाजूला ग्रॅफाइट असतं, थरावर थर. चार्ज करताना लिथियमचे आयन येतात आणि त्या थरांमध्ये जाऊन बसतात. आता संध्याकाळी दादरला विरार लोकल डोळ्यांसमोर आणा. आत पॅसेजमध्ये जागा असते, पण मागून लोंढा इतका येतो की सगळे दारातच अडकतात. आयनांचंही तेच होतं. आत सरकायला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त वेगाने ते आले की ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरच साचतात आणि तिथे धातू होऊन बसतात. त्यातलं काही लिथियम पुन्हा कधी कामाला येत नाही. तेवढी क्षमता गेली.

मामा : म्हणजे माझंच म्हणणं झालं.

भाचा : अर्धं. डबा जसा भरत जातो तशी ही अडचण वाढते. म्हणून ऐंशी टक्क्यांच्या पुढे गाडी आपणहून वेग कमी करते. साठ टक्के भरायला जितका वेळ लागतो, जवळपास तितकाच शेवटच्या वीस टक्क्यांना लागतो. मी ऐंशीला गन काढतो. बॅटरीसाठीही, आणि मागे तीन गाड्या थांबलेल्या असतात म्हणूनही.

मामा : आणि पन्नास-साठ किलोवॉटचं काय?

भाचा : ते चार्जरवर छापलेलं असतं हो. चार्जर वीज ढकलत नाही, गाडी मागते तेवढीच देतो. माझी गाडी पंचवीस-तीसच्या वर मागतच नाही. दोन गनवाल्या साठच्या चार्जरवर दोन गाड्या लागल्या की तसेही प्रत्येकीच्या वाट्याला तीसच येतात. तीस युनिटांची बॅटरी आणि तीसचा वेग, म्हणजे तासाभरात भरेल इतका. याला फास्ट म्हणायचं ते तुमच्या ओटीवरच्या सव्वातीन किलोवॉटच्या तुलनेत. महिंद्राच्या २०२४च्या नोव्हेंबरात आलेल्या गाड्या बघा. एकोणऐंशी युनिटांची बॅटरी, १७५ किलोवॉट घेते, वीस ते ऐंशी टक्के वीस मिनिटांत. बॅटरीच्या आकाराच्या हिशेबात तो माझ्या दुप्पट वेग झाला.

हा मुद्दा भल्याभल्यांच्या हिशेबातून निसटतो. किलोवॉटचा नुसता आकडा काही सांगत नाही, तो बॅटरीच्या आकाराने भागून बघावा लागतो. छोट्या गाडीला तीस म्हणजे मोठ्या गाडीला ऐंशी. ‘फास्ट चार्जिंग वाईट का?’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही ते त्यामुळे. एकाच नावाखाली आपण तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी मोजतो आहोत.

मामा : अभ्यास काय म्हणतात? तुझ्या मोबाइलवरचे व्हिडिओ नकोत.

भाचा : अमेरिकेत रिकरंट नावाची कंपनी आहे. तिने २०२३मध्ये साडेबारा हजारांच्या आसपास टेस्ला गाड्या तपासल्या. दहातल्या नऊ वेळा फास्ट चार्ज होणाऱ्या एका बाजूला, क्वचितच होणाऱ्या दुसऱ्या बाजूला. झिजेत दखल घ्यावी असा फरक सापडला नाही.

मामा : टेस्लाची बॅटरी तुझ्या दुप्पट-अडीचपट, आणि थंड ठेवायची व्यवस्था पहिल्या दर्जाची. शिवाय बहुतेक गाड्या दोन-चार वर्षांच्या. तरुणपणी सगळेच धडधाकट असतात. मीही वाचतो. जिओटॅब म्हणून एक कंपनी आहे, तिने अलीकडे बावीस हजारांहून जास्त गाड्यांचा हिशेब काढला. सरासरी घट वर्षाला २.३ टक्के. शंभर किलोवॉटच्या वरचे चार्जर वरचेवर वापरणाऱ्या गाड्यांत ती तीन टक्क्यांपर्यंत, आणि सावकाश भरणाऱ्यांत दीडच्या आसपास. दुप्पट!

भाचा : दुप्पट हा शब्द मोठा वाटतो. पाच वर्षांनी पंधरा टक्के की साडेसात, एवढाच तो फरक. गाडी दोनशे किलोमीटर जात असेल तर एक १७०वर आली, दुसरी १८५वर. आणि माझी गाडी शंभर किलोवॉट कुठून घेणार?

मामा : पंधरा किलोमीटर म्हणजे विरार ते नायगाव. परतीच्या वाटेवर, शेवटी शेवटी, तेच हवे असतात.

भाचा : आणखी एक प्रयोग ऐका, हा मला फार आवडतो. अमेरिकेतल्या आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीने २०१२च्या चार निसान लीफ घेतल्या. दोन रोज सावकाश भरायच्या, दोन रोज फास्ट. चारही फिनिक्सच्या उन्हात पन्नास हजार मैल चालवल्या. फास्टवाल्या जास्त झिजल्या, हे खरं. पण दोन जोड्यांमधला फरक थोड्या टक्क्यांचा होता, आणि सावकाश भरलेल्यांचीही जवळपास पाव क्षमता गेली होती. का? त्या लीफच्या बॅटरीला थंड करायची सोयच नव्हती. वाळवंटातला उन्हाळा चार्जरपेक्षा भारी पडला.

मामांनी यावर काही म्हटलं नाही, चष्मा पुसला. मला विचाराल तर सगळ्या वादात हा प्रयोग सर्वांत बोलका आहे. चार गाड्या म्हणजे काही मोठी संख्या नव्हे. पण फास्ट चार्जिंगवर आपण जे खापर फोडतो त्यातलं बरंचसं उष्णतेचं असतं, हे तो नेमकं दाखवतो. जोरात भरताना बॅटरी तापते, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकत्र येतात आणि दोष एकीच्याच नावावर जमा होतो.

मामा : मग उष्णतेचंच बोलू. मे महिन्यात दुपारी तू विमानतळावरून निघतोस. वर्सोवा पुलाच्या आधी अर्धा तास अडकतोस. खाली तापलेलं काँक्रीट. तिथून सुटलास की हायवेवर गाडी हाणतोस आणि तशीच गरम चार्जरला लावतोस. तो चार्जर कुठे? उघड्यावर, उन्हात. वर साधं छप्परसुद्धा नाही.

भाचा : बॅटरीभोवती पाणी फिरतं, मामा. फार तापली तर एसीचाच कॉम्प्रेसर ते पाणी गार करतो. आणि तरीही तापमान उतरलं नाही तर गाडी चार्जिंगचा वेग पाडते. मेमध्ये चाळीस मिनिटांचं काम तासावर जातं, तेव्हा आम्ही चार्जरला शिव्या देतो. खरं तर गाडी स्वतःला सांभाळत असते.

मामा : सांभाळते म्हणजे सांभाळावं लागतं आहे. सावलीत लाव, दुपारऐवजी रात्री लाव. एवढं तरी?

भाचा : ते करतो. रात्रीच्या फेरीनंतर भरली तर वेळही कमी जातो. पण एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. मघाशी सांगितलं ना, आयन दारात साचतात? ते थंडीत जास्त होतं, कारण गारठ्यात त्यांना आत सरकायला वेळ लागतो. युरोपातल्या गाड्या चार्जरला लागण्याआधी बॅटरी गरम करून घेतात. वसईत थंडी कसली? जानेवारीच्या पहाटे पंधरा अंश. परदेशी लेखांत भीती घातलेली असते ती थंडीतल्या फास्ट चार्जिंगची, आणि आपण ती इथे बसून वाचतो.

मामा : भीतीचं कारण इथेही घडलं आहे. २०२२च्या सप्टेंबरात, वसई पूर्वेला, रामदास नगरमध्ये. स्कूटरची बॅटरी घरात चार्जिंगला लावलेली होती. पहाटे फुटली. सात वर्षांचा मुलगा गेला.

भाचा : विसरलो नाही. पण ते वेगळं दुखणं आहे. ती फास्ट चार्जरवर नव्हती, घरातल्या साध्या सॉकेटवर होती. गाडीतून काढलेली बॅटरी, राहत्या खोलीत, माणसं झोपलेली असताना. बॅटरी झिजणं आणि बॅटरी पेटणं या दोन गोष्टी एकात मिसळू नका. झिजण्यात क्षमता हळूहळू जाते. पेटण्यात सेलमधला दोष, शॉर्ट सर्किट, बिघडलेला चार्जर, संरक्षक यंत्रणेचा अभाव असलं काहीतरी असतं. त्या वर्षी देशभर स्कूटर पेटल्या, आणि मग बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-१५६ हे नियम कडक झाले. पहिला टप्पा २०२२च्या डिसेंबरात, दुसरा २०२३च्या मार्चअखेर.

मामा : तू म्हणतोस ते शास्त्राने बरोबर असेल. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगला सॉकेट मागशील तेव्हा लोक एआयएस वाचून दाखवणार नाहीत. त्यांना रामदास नगर आठवेल.

भाच्याकडे याला उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. लोकांच्या भीतीला चुकीचं म्हणता येत नाही, ती फक्त चुकीच्या जागी बसलेली असते. खाली पार्किंगमध्ये नीट अर्थिंग केलेलं सॉकेट असणं हे बॅटरी वर घरात नेण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. पण सॉकेट नाकारलं की स्कूटरवाला बॅटरी खांद्यावर टाकून लिफ्टने वरच नेणार.

भाचा : आता तुमच्या गाडीचा हिशेब करू. रोज वीस किलोमीटर धरले तर वर्षाला सात हजार. बॅटरीची हमी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. आठ वर्षांत तुमचे साठ हजारही होणार नाहीत. तुमची बॅटरी चालून झिजणार नाही, वयाने झिजणार. ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एक पापुद्रा असतो, तो उभ्या उभ्या जाड होत जातो, आणि भरलेल्या, गरम बॅटरीत जास्त वेगाने. तुमची गाडी या दोन्ही अटी रोज पूर्ण करते. माझं उलट. दिवसाला दोनशे किलोमीटर. सव्वादोन वर्षांत १ लाख ६० हजार संपले. तिला म्हातारी व्हायला वेळच मिळत नाही.

मामा : म्हणजे हळू भरणाऱ्या मलाच दोष?

भाचा : दोष नाही. सत्तर-ऐंशीला थांबवा एवढंच. आणि पत्र्यावर काहीतरी टाका, शेड भट्टीसारखी तापते.

मामा : तुझं ऐकून मी ऐंशीला थांबवीन आणि जुलैत काय करीन? २०१८ साली पाणी भरलं तेव्हा तू लहान नव्हतास. महावितरणच्या सबस्टेशनात पाणी शिरलं, वीज गेली, रूळ पाण्याखाली. चार्जिंग सोड, मोबाइलचे वांधे झाले. पावसाळ्यात मी गाडी भरूनच ठेवणार. उद्या कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर बॅटरीच्या पापुद्र्याला काय सांगू?

भाचा : बरोबर आहे. पावसाळ्यात भरा. तेव्हा उकाडाही कमी असतो. एप्रिल-मेमध्ये नका भरू.

मी ऐकत होतो तोवर दोघं कुठल्याही एका मुद्द्यावर पूर्ण जुळले असतील तर तो हाच. बॅटरीचं पुस्तक जर्मनीत किंवा चीनमध्ये लिहिलं जातं, त्यात वसईचा जुलै नसतो.

मामा : बरं, ही तुझ्या गाडीत लोह-फॉस्फेटची बॅटरी ना? एलएफपी? तिला म्हणे मधूनमधून शंभर टक्के करावंच लागतं.

भाचा : हो. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या सगळ्या टप्प्यात जवळपास सारखंच राहतं, त्यामुळे आत नेमकं किती उरलंय ते गाडीलाही नीट कळत नाही. पूर्ण भरली की हिशेब ताळ्यावर येतो, आणि आतले सगळे सेल एका पातळीला आणले जातात. ते काम सावकाश भरतानाच नीट होतं. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, अधूनमधून हळू आणि पूर्ण भरा म्हणून.

मामा : आणि तू ते करत नाहीस.

भाचा : कुठे करू?

इथे वाद थांबला आणि मूळ गोष्ट समोर आली. इतका वेळ लिथियम, ग्रॅफाइट, फिनिक्स सगळं झालं. पण मामा सावकाश भरतात कारण त्यांच्याकडे ओटी आहे आणि भाचा जोरात भरतो कारण त्याच्याकडे ती नाही. त्याला बॅटरीचं ज्ञान मामांपेक्षा जास्तच आहे. वसईच्या वाड्यांत राहणारा माणूस आणि विरारच्या टॉवरमध्ये भाड्याने राहणारा माणूस यांच्या गाड्या एकाच शोरूममधून निघाल्या तरी वेगवेगळ्या वयात म्हाताऱ्या होणार. त्यात हुशारीचा वाटा थोडा आणि पार्किंगचा वाटा फार.

भाचा : नऊ-दहा तास गाडी उभी राहील अशी जागा मला नाही. चार्जरवर चाळीस मिनिटं काढतो. तेवढ्यात जेवतो. हळू चार्जिंगसाठी एक फेरी सोडायची म्हटलं तर बॅटरीत वाचेल त्याहून जास्त धंद्यात जाईल.

मामा : चौथ्या वर्षी विकायला काढशील तेव्हा? घेणारा पहिलं विचारणार, टॅक्सी होती का, फास्टवर चालली का.

भाचा : त्याने ते विचारू नये. बॅटरीचं आरोग्य किती टक्के आहे ते विचारावं. गाडीच्या पोर्टला यंत्र जोडलं की आकडा दिसतो. तुमची पाच वर्षं शेडखाली भरून उभी राहिलेली आणि माझी पळालेली, दोन्हींचे आकडे समोर ठेवू. कोणाचा बरा येतो बघू.

मामा : लाव पैज.

भाचा : तुम्ही आत्तापासून ऐंशीला थांबवणार, मग मी हरणार की.

मामा : ते जाऊ दे. सोसायटीत विचारलंस का? आपल्या पार्किंगपर्यंत वायर नेऊन, ईव्हीसाठी वेगळं मीटर देतात महावितरणवाले. त्याचा दरही वेगळा आहे, बाहेरच्या चार्जरच्या निम्म्यातसुद्धा येईल. सोळा अँपियरचं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी, आरसीसीबी, आणि अर्थिंग मी येऊन मोजून देतो. टॉवरमधल्या अर्थिंगवर माझा विश्वास नाही.

भाचा : विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, फ्लॅटच्या मालकाचं पत्र आणा. भाडेकरूच्या अर्जावर ते काही करत नाहीत.

मामा : मग मालकाला सांग. वायरचा खर्च तुझा, आणि घर सोडताना सॉकेट तिथेच राहील असं लिहून दे. त्याच्या फ्लॅटची किंमतच वाढणार आहे.

भाचा : सांगणार कसं? चार महिने झाले, माणूस फोन उचलत नाही.

मामा : या महिन्याचं भाडं दहा दिवस उशिरा टाक. तोच तुला फोन करतो की नाही बघ.